कासवांच्या संस्थेत ‘कम्युनिकेशन व्हॉलंटियर’ : ५ पैकी ३.५ स्टार

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला इंटर्नशिप कंपल्सरी असते, वर्गातले बहुतेक जण ॲड एजन्सीत चिकटले आणि मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर कासवांचं काम करणाऱ्या छोट्या संस्थेत गेले. आता ज्युनियर्स सारखं विचारतात की कसं होतं, जाऊ का, पैसे मिळतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. संस्थेचं नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं मनाने चांगली आहेत.

पैसे मिळत नाहीत. राहणं-जेवण फ्री, एसटीचं भाडं मिळतं पण मागावं लागतं. जेवण मात्र फुल मार्क्स. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, दुपारी भात आणि सोलकढी, आणि होमस्टेवाल्या काकू ‘एवढंच?’ असं म्हणून ताटात परत वाढतात, तिथे डाएट वगैरे विसरा.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण हे माहीत नसेल तर काम कशाचं असतं तेच कळणार नाही. कोकणात येणारी कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. साधारण नोव्हेंबर ते मार्च मादी रात्री वाळूत येऊन खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते, परत बघायला पण येत नाही. पूर्वी ही अंडी लोक काढून न्यायचे किंवा कोल्हे-कुत्रे उकरायचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावातल्याच लोकांना घेऊन संरक्षण सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, आणि मग तसंच मॉडेल इतर किनाऱ्यांवर पण पसरलं. गावातले कासवमित्र पहाटे किनारा फिरून घरटी शोधतात, अंडी जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत हलवतात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडतात. हे बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात, गावात घरोघरी राहतात, त्या पैशामुळे गावाला कासव जगवण्यात रस राहतो. गणित सरळ आहे.

आता माझं काम. मला वाटलेलं रील्स बनवायच्या, थोडं कॅनव्हा, थोडं कॅप्शन. पहिल्याच मीटिंगला संस्थेचे सर म्हणाले, ‘जरा व्हायरल टाइप बनव, लोक आले पाहिजेत.’ आणि खरा घोळ नेमका तिथेच होता, कारण लोक ऑलरेडी येत होते, पण काहीतरी वेगळंच डोक्यात घेऊन येत होते. ओडिशाला गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे एकाच वेळी लाखो कासवं किनाऱ्यावर येतात, त्याचे ड्रोन व्हिडिओ नेटवर फिरत असतात आणि कुठल्यातरी ट्रॅव्हल पेजने तसाच एक व्हिडिओ ‘कोकणातला चमत्कार’ म्हणून टाकलेला. कोकणात तसं होतच नाही. इथे कासवं एकेकटी येतात, घरटी लांब लांब असतात, एखाद्या सकाळी पन्नास पिल्लं निघतात, एखाद्या सकाळी तीन, आणि बऱ्याचदा शून्य. मग ठाण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेलं कुटुंब सहा वाजता हॅचरीपाशी उभं राहतं, कासवमित्र दादा घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतो, खाली नुसती वाळू, आणि ते काका त्या दादावरच चिडतात की ‘आम्ही एवढ्या लांबून आलो, काहीतरी दाखवा ना.’ जणू दादाने पिल्लं कपाटात कोंडून ठेवलीयत!

तर मी रील बाजूला ठेवली आणि रोजचा एक व्हॉट्सॲप मेसेज सुरू केला. म्हणजे एकदम साधा : आज सकाळी किती पिल्लं सोडली, कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत, उद्याची शक्यता किती, आणि खाली ठळक अक्षरात ‘पिल्लं दिसतीलच अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, दोन रात्री राहिलात तर चान्स वाढतो.’ डिझाइन शून्य, फोटो एखादाच. माझ्या पोर्टफोलिओत टाकण्यासारखं त्यात काहीही नाही पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, फोन कमी झाले आणि पहाटेची भांडणं पण कमी झाली.

पण फुकटात झालं नाही हे पण सांगते. ‘उद्या शक्यता कमी’ लिहिलं की एक-दोन बुकिंग कॅन्सल व्हायची, मग काकू माझ्यावर फुगायच्या, आणि त्यांचं चूक नव्हतंच, आणलेले मासे, दळलेलं पीठ वाया जाणार त्यांचं. संस्थेतला एक जण तर म्हणाला की शक्यतेचं काही लिहूच नको, लोक आले की समजेल त्यांना. मला हे अजिबात पटलं नाही आणि अजूनही नाही, पण मी महिन्याअखेरीस कॉलेजला परत जाणारी मुलगी, माझं घर त्या बुकिंगवर चालत नाही, त्यामुळे प्रामाणिक राहणं मला स्वस्त पडतं. शेवटी तोडगा काकूंनीच काढला, कॅन्सल करणाऱ्याला त्या स्वतः फोन लावून सांगायच्या की या हो, किल्ला बघा, खाडी बघा, मोदक करते. निम्मे लोक मोदकांवर पघळायचे.

फ्लॅशचा विषय पण असाच. पिल्लं अंधारात उजेडाच्या दिशेने जातात, समुद्राकडचं क्षितिज जास्त उजळ दिसतं म्हणून तिकडे, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च मारला की भलतीकडे वळतात. मी छान इलस्ट्रेशन काढून बोर्ड केला होता. कोणी वाचला नाही. कासवमित्र दादा दोरीपाशी उभा राहून त्याच्या खणखणीत आवाजात ‘ओ लाल टीशर्ट, बॅटरी बंद कर, पोर वाट चुकलं बघ’ म्हणाला की सगळे फोन खिशात. त्यानंतर मी स्क्रिप्ट लिहायच्या फंदात पडले नाही, त्याच्याकडून रोज काय बोलतो ते ऐकून त्यातलंच नवीन व्हॉलंटियर्सना शिकवलं.

सगळ्यात भारी वाटलेलं काम मात्र पर्यटकांचं नव्हतंच. समुद्रात जाळ्यात कासव अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून ते सोडलं तर सरकारकडून जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजारांपर्यंत, ही योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच, हे लोकांना थोडंफार माहीत असतं, पण भरपाईसाठी फोटो किंवा व्हिडिओचा पुरावा लागतो हे जेट्टीवर बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. संस्थेकडे पत्रक होतं, पण त्यातली भाषा अशी की ‘सदर लाभार्थ्याने’ वगैरे, दुसऱ्या ओळीला झोप. मी ते जेट्टीवर एका काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ‘बाय, ह्या काय कोर्टाचा कागद हाय?’ मग त्यांनाच विचारून व्हॉइस नोट केली, त्यांच्याच आवाजात, दीड मिनिटाची : आधी मोबाइल काढ, जाळं आणि कासव दोन्ही दिसेल असा व्हिडिओ घे, मग काप, मग सोड. ती नोट बोटीबोटीवर फिरली. लाइक नाही, रीच नाही, काही नाही.

आता तक्रारी. एक, संस्थेला लोगोचा भयंकर सोस, प्रत्येक फोटोवर तीन लोगो, पिल्लू शोधावं लागतं. दोन, पासवर्ड कोणाकडेच नाही, जुना व्हॉलंटियर घेऊन गेला आणि पेज त्याच्या पर्सनल ईमेलवर, त्यात आठवडा गेला. तीन, ‘व्हॉलंटियर’ म्हणजे चोवीस तास अव्हेलेबल असं समजतात, रात्री अकराला ‘हा बॅनर सकाळपर्यंत देशील ना ग’. कॅमेरा, लॅपटॉप सगळं आपलंच न्यायचं आणि वाळूने लेन्सची वाट लागली तर ती पण आपलीच. सर्टिफिकेट अजून ‘सहीला गेलंय’. ‘व्हायरल टाइप’ रील शेवटपर्यंत मागत होते, मी एक बनवली, त्यात मुद्दाम लिहिलं की ओडिशासारखं इथे नसतं, आणि ती फारशी चालली नाही.

ॲड एजन्सीतल्या मैत्रिणीला स्टायपेंड मिळाला आणि तिने तिथे बहुतेक डेकच्या स्लाइड्स सरळ केल्या, त्यामुळे मला काही वाईट वाटत नाही. पण घरून पैशाची अडचण असेल तर जाऊ नका, खरंच सांगते, असल्या ठिकाणी फक्त ज्यांना परवडतं तीच मुलं पोचतात आणि हा संस्थांचा दोष आहेच. निदान महिन्याचा खर्च तरी द्यायला हवा.

ज्यांना जायचंय त्यांनी फेब्रुवारी-मार्च पकडा, तेव्हा पिल्लं पण असतात आणि गर्दी पण, म्हणजे शिकायला मिळतं. काय करणार, किती वाजेपर्यंत करणार, हे पहिल्याच दिवशी मेसेजवर लिहून घ्या. मराठी टायपिंग यायला पाहिजे, नुसतं इंग्रजी कॅप्शनवाल्यांचं तिथे काम नाही. आणि सिम कुठल्या कंपनीचं चालतं ते ऑफिसला नाही, होमस्टेवाल्या काकूंना विचारा, माझं सिम फक्त सुरूच्या बनाच्या एका कोपऱ्यात चालायचं आणि तिथे मरणाचे डास होते.