टेकन 8 दहा महिने खेळलो, आता सांगतो

टेकन म्हणजे दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा व्हिडिओ गेम. आधीच सांगून टाकतो, मी काही प्रो वगैरे नाही. दिवसभर ऑफिस, रात्री जेवण झालं की तासभर गेम, आणि ऑनलाइन रँक गार्यूवर, म्हणजे मधल्याच पायरीवर, अडकलेली. पण टेकन लहानपणापासून. इंदूरला सुदामानगरात आमच्या गल्लीच्या टोकाला एका काकांनी जिन्याखाली दोन टीव्ही लावले होते, तासाला दहा रुपये, तिथे टेकन 3 चालायचा आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं, एडी घ्यायचा नाही. एडी म्हणजे गेममधला लाथाळ कॅरेक्टर, ज्याला काही म्हणजे काही येत नाही तो पण एडी घेऊन लाथांची दोन बटणं बडवत सुटायचा, जिंकायचा, आणि मग रोज भांडणं. त्यामुळे 8 मध्ये एडी वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो हे कळलं तेव्हा मी आणि माझा आतेभाऊ फोनवर पाच मिनिटं नुसते हसत होतो. ज्याच्यावर बंदी होती तो आता विकत!

गेम आला जानेवारी 2024 ला, मी घेतला बरोबर एक वर्षाने, जेल रोडवरून सेकंडहँड डिस्क. पहिले दोन-तीन महिने खरंच मजा आली, खोटं का बोलू. दिसतो जबरदस्त. काझुया आणि जिन, बाप-लेकाचं भांडण, त्याची स्टोरी एका रविवारी बसून संपवली, आई दोनदा येऊन पोहे गार झाले म्हणून ओरडून गेली. सुरुवातीलाच 32 कॅरेक्टर. ऑनलाइनला समोरचा पीसीवर असो की एक्सबॉक्सवर, मॅच लागते.

कुरकुर सुरू झाली ती हीटवरून. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रत्येक राउंडला एकदा तुम्हाला हीट मिळते, दहाएक सेकंदांची, आणि त्यात समोरच्याने नीट ब्लॉक केलं तरी त्याची लाईफ थोडी थोडी जाते. ती गेलेली लाईफ परत मिळवता येते, पण कशी, तर तुम्ही उलट मारलं तरच. म्हणजे गेमच तुम्हाला ढकलतोय की मागे सरू नको, घुस. आता मी ज्या टेकनवर वाढलो त्यात मागे सरणं हीच तर अर्धी कला होती भिया! समोरचा पॉल नावाचा कॅरेक्टर घेऊन बसलाय, तुम्हाला माहितीये की हा आता डेथफिस्ट, म्हणजे त्याचा तो जड ठोसा, सोडणार, तुम्ही इंचभर मागे घेता, त्याची मूठ हवेत जाते, आणि तो हात परत ओढायच्या आत तुम्ही त्याला मारून हवेत उचलता. तेवढ्या एका क्षणासाठी आम्ही दहा रुपये द्यायचो. जॅब, म्हणजे साधा झटपट ठोसा, दहा फ्रेमचा, सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, बटणावर बोट तयार ठेवून माणसाच्या सवयीची वाट बघायची, बस.

8 मध्ये होतं काय, एक दणका बसला की समोरचा धावत अंगावर येतो आणि मग तुम्ही उभं राहून अडवायचं की बसून, छापा की काटा. चुकलात तर अर्धी लाईफ गेली, बरोबर निघालं तर तोच डाव पुन्हा. यात समोरच्याला ओळखायचा प्रश्नच येत नाही, तो लाहोरचा असो नाहीतर लोकमान्यनगरचा. (लाहोरवरून आठवलं, तिथल्या अर्सलान ॲशने 2024 चा एव्हो, म्हणजे फायटिंग गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा, याच गेमवर जिंकला, त्याच्यासारख्यांना जमतं, आपल्याला नाही.)

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण एप्रिल 2025 ला सीझन 2 चा पॅच, म्हणजे गेमचा मोठा अपडेट, आला आणि त्याने घाणच केली. वर्षभर लोक म्हणत होते की जरा बचावाला पण वाव द्या, आणि यांनी केलं बरोबर उलटं, जवळपास सगळ्यांना अंगावर धावून जायचे नवीन डाव दिले आणि ज्याच्या खेळात जी खोट होती ती बुजवून टाकली. आता खोटच नाही म्हटल्यावर मी शिकलो काय इतके दिवस? स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पडला, मोठमोठे प्रो उघड बोलले, मग त्याच महिन्यात घाईघाईने दुसरा पॅच काढला. थोडं सुधारलं, पण माझा रोजचा तास आठवड्यातून दोनदा झाला तो झालाच.

पैशाचं लांबवत नाही. लाँचच्या वेळी दुकान नव्हतं, महिन्याभराने गेममध्ये कपड्यांचं दुकान उघडलं, मग पैसे भरून बक्षिसं उघडायचा फाइट पास, मग ऑक्टोबर 2024 ला हेइहाची या कॅरेक्टरबरोबर जेनेसिस स्टेज, म्हणजे लढायचं नवीन मैदान, तीही वेगळे पैसे देऊन, नव्या कॅरेक्टरांचा वर्षाचा पास घेतलेल्यांना सुद्धा. रिव्ह्यू छापून आल्यावर दुकान उघडायचं ही चलाखी आपल्याकडच्या बिल्डरांना पण सुचली नसती.

एक गोष्ट मात्र मानतो. प्रॅक्टिसची सोय कमाल आहे. हरलेली मॅच लावायची, मध्येच थांबवून स्वतः हातात घ्यायची आणि इथे काय करायला हवं होतं ते करून बघायचं. आणि दुसरं ते भूत. तुमच्या खेळावरून गेम तुमचं घोस्ट बनवतो आणि दुसऱ्यांना ते डाउनलोड करता येतं. आतेभाऊ पुण्याला नोकरीला, आमच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून मी त्याच्या भुताशी खेळतो. डिट्टो तोच! मला पाडलं की खालून लाथ, दर वेळी, आणि हरायला लागला की लांबूनच डेथफिस्ट. रँक्डच्या वीस मॅचमध्ये मिळत नाही ती मजा त्या भुताच्या दोन मॅचमध्ये मिळते. त्यामुळे घरात किंवा नात्यात कोणी खेळणारं असेल तर सेलमध्ये घ्या, एकट्याने रँक चढायला म्हणून घेत असाल तर टेकन 7 वरच राहा.

दिवाळीला आतेभाऊ आला होता. रात्री सराफ्यातून भुट्ट्याचा कीस खाऊन एक वाजता घरी परतलो आणि मी त्याला सांगितलं की तुझ्या लाथा मला पाठ आहेत. त्याला पटेचना. शेवटी त्याच्या अकाउंटवरून त्यालाच त्याच्या भुतासमोर बसवला. 3-1 ने हरला, आणि वर मलाच म्हणतो, हा कोण खेळतोय रे, एडी घेतल्यासारखा?