पेंटॅक्स के-१००० : आठ महिने, सात रोल आणि एक चामड्याचं टोपण

माझ्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यातल्या मीटरची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राची, सुई अजून हलतेय! एकच एलआर-४४ हा बटणासारखा छोटा सेल, घालून चार महिने झाले. त्याआधीच्या चार महिन्यांत असे तीन सेल संपले होते.

तेव्हा मी ठाम होतो की मीटर बिघडलाय. दुरुस्तीवाल्याने नुसतं उघडून बघायचे चारशे घेतले आणि ‘जुना माल आहे’ म्हणून परत दिला. चूक माझी होती. या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्समधून उजेड येतोय तोवर तो सेल खातो, लेन्स झाकली की थांबतो. म्हणजे टोपण हाच स्विच, आणि माझ्या सेकंडहँड कॅमेऱ्याबरोबर नेमकं तेच आलं नव्हतं.

ऑनलाइन मागवलं. माझ्या ५० एमएम लेन्सला ४९ मिलिमीटरचं लागतं, आलं ५२ चं. विक्रेता परत घेईना. तीन आठवडे भांडून दीडशे रुपये सोडून दिले. तेवढ्यात पाच-सहा सेल आले असते, हे अजून डोक्यातून जात नाही.

शेवटी कॅमेरा घेऊन कोल्हापूरच्या चप्पल लाईनला गेलो. काकांनी लेन्सभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं, चपलेचं चामडं कापलं, कड शिवली. म्हणाले, “सुरवातीला घट्ट बसंल, मग हाताला लागंल.” तसंच झालं. आता ते काढताना अंगठ्याला जो अलगद खेच बसतो, तिथूनच माझा फोटो सुरू होतो. मग फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढायचा, रोल नीट अडकला असेल तर डावीकडची रिवाइंडची कळ सोबत फिरते. (पहिला रोल अडकलाच नव्हता. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाचे सगळे फोटो गेले.) फोकसची रिंग जड, तुपातून फिरवल्यासारखी. मोबाइलवर काच सोडून बोटाला काहीच लागत नाही.

रोल, धुणं, स्कॅन धरून फोटोला चाळीसेक रुपये पडतात. म्हणून वायफळ काढत नाही.

शटर पूर्ण यांत्रिक आहे, त्याला सेल लागत नाही. हे पाहायला पंचगंगा घाटावर भर दुपारी सेल काढूनच एक रोल संपवला : २०० ची फिल्म, लेन्सचं छिद्र एफ/१६ वर, शटरचा वेग १/२५० सेकंद. छत्तीसपैकी एकतीस नीट आले. तरी सुईशिवाय करमेना. घरी येऊन सेल घातला आणि टोपण लावलं.