ट्रॉली स्पीकर आणि दोन कॉर्डलेस माईक : ग्रामसंघातला नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि आमच्या ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघाने, ट्रॉली स्पीकर घेतला. बारा इंची, खाली चाकं, ओढायला दांडा, आत बॅटरी आणि सोबत दोन कॉर्डलेस माईक. तालुक्याच्या दुकानात घासाघीस करून ८,४०० रुपयांना पडला. आता ऑगस्ट संपत आलाय, म्हणजे वापराला नऊ महिने झाले. दर महिन्याची बैठक, तीन महिला सभा, संक्रांतीचं हळदी-कुंकू एवढं सगळं त्याच्यावर झालं. आजूबाजूच्या गावांतल्या बायका भेटल्या की विचारतात, "आम्ही पण घेऊ का?" प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून नीट लिहून काढलं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. बचत गट १३, बायका १४६. ग्रामसंघाच्या बैठकीला प्रत्येक गटाच्या पदाधिकारी आल्या तरी काम भागतं, पण आम्ही सगळ्यांनाच बोलावतो. ऐंशी-नव्वद जणी येतात. उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, त्याच्या दशसूत्रीतल्या (बचत गटांसाठीच्या दहा नियमांतल्या) पहिल्या पाच गोष्टी, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी, यांत आमचा ग्रामसंघ चोख आहे. सचिव म्हणून मला टोचायचं ते एवढंच, की बैठकीत तोंड उघडणाऱ्या बायका मोजून सहा-सात, आणि वर्षानुवर्षं त्याच. बाकीच्या सही करायच्या, लेकराला मांडीवर थोपटत बसायच्या आणि चहा झाला की निघायच्या.

मला वाटायचं, त्यांना ऐकू येत नाही. ते खोटंही नव्हतं. समाजमंदिराला वर पत्रा, आत दोन खडखडणारे पंखे, पन्नासेक लेकरं. मागच्या तीन ओळींत अध्यक्षांचा आवाज पोचायचाच नाही. जे ऐकूच येत नाही त्याच्यावर बाई बोलणार काय? त्यातून स्पीकरचा ठराव झाला. आणखी एक कारण होतं. म्हसवडच्या माणदेशी तरंग रेडिओवर आमच्यासारख्याच बायकांचे आवाज आम्ही ऐकत आलोय. शेळ्या राखणारी, भाजी विकणारी बाई त्यात सरळ बोलते. आपल्याही बैठकीत असं व्हावं असं मनात होतं.

आधी यंत्राबद्दल. आवाजाला एक नंबर. समाजमंदिरात निम्म्यावर ठेवला तरी बाहेर पारापर्यंत जातो. वीज गेली तरी भरलेल्या बॅटरीवर तीन तास आरामात चालतो, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ही बॅटरीच मला सगळ्यात मोलाची वाटते. दुकानदाराने 'इको'चं बटण गाण्यासाठी म्हणून वर करून दिलं होतं. ते आम्ही तसंच ठेवलं आणि पहिल्या बैठकीत प्रत्येक शब्द विहिरीतून आल्यासारखा घुमला. बोलण्यासाठी वापरणार असाल तर ते बटण पार शून्यावर आणा.

मोजायची सवय मला आहे. वहीच्या मागच्या पानावर मी दर बैठकीत किती वेगवेगळ्या बायका बोलल्या ते लिहीत होते. नोव्हेंबरमध्ये ७, डिसेंबरमध्ये ६. स्पीकर आला आणि आकडा एकाने उतरला! ज्या आधीपासून बोलत होत्या त्यांचा आवाज मोठा झाला, आणि ज्या कधीमधी शेजारणीला काहीतरी पुटपुटायच्या त्या माईक बघून तेही करेनाशा झाल्या. एक काकी मला म्हणाल्या, "आधी चुकलं तर दोघींनाच कळायचं, आता पाराला कळंल." यंत्र घेताना हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जानेवारीत माझ्या हातून मोठी चूक झाली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधीची महिला सभा होती. मी ठरवलं, आज नव्या बायकांना बोलतं करायचंच. हजेरीपटावरून नाव पुकारलं आणि माईक नेऊन दिला. जिचं नाव पुकारलं ती उभी राहिली, पदर तोंडाला लावला, आणि एक शब्द न बोलता खाली बसली. कुणीतरी हसलं. त्यानंतर ती दोन महिने बैठकीला आली नाही, बचत मात्र लेकीच्या हातून वेळेवर पाठवत राहिली. मार्चमध्ये मी आणि कोषाध्यक्ष तिच्या घरी गेलो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, मला काय बोलायचं नव्हतं असं नाय. पर असं अचानक उठवल्यावर माणूस काय बोलंल?" त्या दिवसापासून नाव पुकारून बोलायला लावणं आम्ही कायमचं बंद केलं. हा लेख वाचून कुणी एकच गोष्ट उचलणार असेल तर ती ही उचला, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढचा बदल एका प्रशिक्षणातून सुचला. तिथे गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाची माहिती सांगितली होती. सामूहिक वनहक्क (जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क) मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, २००९ सालची गोष्ट. त्या गावात ठराव बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. म्हणजे एकाचीही हरकत असली तरी विषय पुढे जात नाही, त्याची समजूत पटेपर्यंत बोलणं चालतं. आणि सभेआधी अभ्यास गटात विषय सावकाश चघळला जातो. माझ्या डोक्यात तेच बसलं. आमच्याकडे विषय पहिल्यांदा कानावर पडायचा तोच सभेत, आणि मत द्यायचं तेही त्याच मिनिटाला. शांतपणे विचार करून बोलणाऱ्या बाईला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

म्हणून एप्रिलपासून विषय वाचून झाला की स्पीकर बंद करतो. शेजारी शेजारी बसलेल्या दोघी दोघींनी पाच-सात मिनिटं आपापसात बोलायचं. समाजमंदिरात मग जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. तो थांबला की माईक फिरतो. ज्या बाईच्या हातात तो येईल तिने स्वतःचं मत सांगायचं नाही, शेजारणीने काय सांगितलं ते सांगायचं. एवढ्याने फार फरक पडला. स्वतःसाठी उठून बोलणं आपल्याकडे बाईला आगाऊपणाचं वाटतं, दुसरीचं म्हणणं पोचवणं मात्र तिला लहानपणापासून जमतं. "ही म्हणतीय की..." म्हणून सुरुवात होते आणि दोन वाक्यांनी "आणि माझं पण तेच हाय" असं आपोआप येतं. नको वाटलं तर माईक पुढे द्यायचा, त्याला कुणी काही म्हणत नाही.

माईक कसा फिरतो यालाही महत्त्व आहे. दोनपैकी एक अध्यक्षांकडे राहतो, दुसरा बारावीतल्या एका मुलीच्या हातात. ती भिंतीकडच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून पुढे येते. पुढून सुरू केलं तर पुढच्या ओळीतल्या आमच्यासारख्या पदाधिकारीच वेळ खाऊन टाकतात, हे चार महिने बघितलं होतं. आता आम्ही सगळ्यात शेवटी बोलतो. पहिल्या बैठकीला हे मलाच अवघड गेलं, जीभ नुसती वळवळत होती.

इथे यंत्राची एक अडचण सांगायला हवी. माईक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजते, कारण स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरतो. माईक एका जागी असेल तर स्पीकर त्याच्या पुढे ठेवला की भागतं. आमचा माईक मात्र बायकांमध्येच फिरतो, म्हणजे सतत स्पीकरच्या तोंडासमोर. त्यात नवी बाई माईक पोटाशी धरते. आवाज येत नाही म्हणून बटण वाढवावं लागतं आणि वाढवलं की कर्रकन शिट्टी! तेवढ्याने घाबरून ती बोलायची थांबते, आणि तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. त्यावर आम्ही काढलेला तोडगा असा : स्पीकर कोपऱ्यात स्टुलावर उंच, आवाज कमी, आणि माईक हनुवटीपासून चार बोटांवर. ती मुलगी बाईच्या हाताखाली हात देऊन माईक बरोबर उंचीवर धरते. तिच्या त्या आधाराने निम्मी भीती जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एप्रिलच्याच बैठकीत टँकरचा विषय होता. आम्ही पदाधिकारी दोन वर्षं एकच मागणी लिहीत होतो : खेपा वाढवा. मागच्या ओळीतली एक मावशी, नऊ वर्षांची सभासद, तिच्या नावावर प्रोसिडिंग बुकात, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीत, एक ओळ नाही. माईक आला तशी म्हणाली, "ही म्हणतीय, पाणी कमी न्हाय. टँकर येतोय आकराला, आमी आसतो रानात खुरपायला. घरी म्हातारी माणसं, त्यास्नी काय हंडं उचलतंय? संध्याकाळी आणा." सगळी सभा गप्प झाली. खरंच, दिवसा बाहेर मजुरीला जाणाऱ्या बायका आम्हा पदाधिकाऱ्यांत कुणीच नाही, मग आम्हाला ते सुचणार कुठून? ठराव झाला, तिचंच नाव सूचक म्हणून घातलं. ग्रामपंचायतीने वरपर्यंत बोलणं केलं आणि दहा-बारा दिवसांत वस्तीवरची खेप संध्याकाळी सहाला येऊ लागली. मे संपता संपता पाऊस कोसळला आणि टँकरची गरजच सरली, पण त्या महिनाभरात तिच्या वस्तीवरच्या बायकांची मजुरी बुडाली नाही.

त्याच वेळी प्रोसिडिंग लिहिण्याची पद्धतही बदलली. आधी मी "चर्चा झाली व सर्वानुमते ठरले" एवढंच लिहायचे. आता कोण काय म्हणालं ते नावासकट लिहिते आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तेच वाचून होते, त्याचं पुढे काय झालं तेही सांगून. काही झालं नसेल तर तसंच सांगते. एसटी थांब्याच्या शेडचा अर्ज तीन वेळा दिला, उत्तर नाही, हे प्रत्येक वेळी माईकवर वाचते. आपलं बोलणं वहीत उतरलं आणि नावाने वाचलं गेलं, हे ऐकताना बायकांची मान कशी वर होते ते समोर बसून बघावं. लिहायला दीडपट वेळ लागतो, हात दुखतो, तरी हे मी सोडणार नाही.

माझ्या वहीतले बोललेल्या बायकांचे आकडे : एप्रिल १५, मे १९, जून १४ (पेरणीमुळे हजेरीच कमी), जुलै २३.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत याचा खरा कस लागला. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायद्यात आहे, आणि ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी, तेवढी माणसं लागतात. आमच्याकडे कोरमअभावी सभा तहकूब होणं नेहमीचंच. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग पंचवीस-तीस माणसांत सगळं मंजूर. यंदा महिला सभेतूनच साठ-सत्तर बायका उठून सरळ ग्रामसभेला आल्या आणि कोरम पहिल्याच वेळी भरला. स्पीकर आमचाच नेला होता. मागून पुढे माईक फिरवण्याला तिथे दोघा-तिघांनी नाकं मुरडली आणि एका गृहस्थांनी माईक हातात आला तो वीस मिनिटं सोडला नाही. पण आमच्या नऊ जणी बोलल्या, पुरुषांच्या समोर. त्यातल्या दोघींनी खर्चाचा तपशील मागितला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तो तिथेच वाचून दाखवला. जानेवारीत जिला मी दुखावलं होतं ती त्या नऊ जणींत नव्हती. ती आली होती, शेवटपर्यंत बसली होती.

आता घेणाऱ्यांसाठी. चाकं फरशीसाठीची आहेत, आमच्या खडीच्या रस्त्यावर एक चाक मार्चमध्येच गेलं. दोन बायका मिळून उचलून न्या. बॅटरी लेड-ॲसिडची असते. ती पार उतरू देऊन तशीच ठेवली तर आत थर बसतो आणि पुन्हा पूर्ण भरत नाही. बैठक असो वा नसो, दर पंधरवड्याला रात्रभर चार्जिंगला लावा आणि हे काम एकीच्या नावावर लावून द्या. माईकचे सेल बैठक झाली की काढून ठेवा, एका माईकमध्ये ते पाझरले आणि त्याच्या पट्ट्या गंजल्या. दुरुस्तीचे २५० रुपये गेले. घेताना चॅनेल बदलता येणारे यूएचएफ माईक मागा. आमच्या माईकला एकच ठरलेलं चॅनेल, त्यामुळे मे महिन्यात शेजारच्या लग्नातला निवेदक आमच्या स्पीकरवरून पाहुण्यांना जेवायला बोलावत होता. आणि माईकला फोमची टोपी घ्या, तीस-चाळीस रुपयांची. नाहीतर फुंकरीचा आवाज होतो आणि बायका पुन्हा माईक लांब धरतात.

तुमच्या बैठकीला वीस-पंचवीस बायका येत असतील तर घेऊ नका. गोल बसा, तेवढ्याने होईल. आमच्याएवढ्या असाल तर जरूर घ्या, पण आधी एक-दोन बैठका दोघीदोघींनी बोलण्याची पद्धत स्पीकरशिवाय करून बघा, आणि ती जमली की मग दुकानात जा. आम्ही उलट केलं आणि पाच महिने घालवले.

२ ऑक्टोबरच्या महिला सभेसाठी विषय आम्ही आत्तापासून चिठ्ठीवर मागवतोय. जिला लिहिता येत नाही तिची चिठ्ठी ती बारावीतली मुलगी घरी जाऊन लिहून आणते. काल संध्याकाळपर्यंत १७ चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या चार अशा बायकांच्या आहेत ज्या अजून माईकवर एक शब्दही बोललेल्या नाहीत, आणि त्या चारांतली एक मार्चमध्ये मी जिच्या घरी गेले होते तिची आहे. विषय आहे अंगणवाडीच्या नळाचा.