ठिपके तेच, अर्थ वेगळा: भारती ब्रेल आणि युनिफाइड इंग्लिश ब्रेल

इंदूरच्या मराठी घरात दृष्टिहीन मूल दोन्ही ब्रेल शिकतं: भारतीय भाषांसाठी भारती, इंग्रजीसाठी युनिफाइड इंग्लिश. दोन्हींत सेल, म्हणजे एका खुणेची चौकट, सहा ठिपक्यांचाच (डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६), म्हणून घोळ होतो. भारती ब्रेल १९५१ची. युनिफाइड इंग्लिश ब्रेलला आंतरराष्ट्रीय मान्यता २००४ साली मिळाली.

‘इंदूर’ भारतीत पाच सेल: इ (२-४), अनुस्वार (५-६), द (१-४-५), ऊ (१-२-५-६), र (१-२-३-५). काना-वेलांटीला वेगळी खूण नाही, व्यंजनानंतर पूर्ण स्वरच येतो. इंग्रजीत आधी ठिपका ६, म्हणजे कॅपिटलची खूण, मग ३-५, म्हणजे ‘इन’ची जोडखूण (दोन अक्षरांना मिळून एकच सेल), पुढे डी, ओ, आर, ई. एकूण सहा.

मुलं अडकतात ती इथेच. ३-५ भारतीत ई. ठिपका ६ भारतीत विसर्ग, पण तो अक्षरानंतर येतो, कॅपिटलची खूण आधी. ५-६ इंग्रजीत ग्रेड १ची खूण, म्हणजे पुढचं अक्षर नुसतं अक्षर म्हणूनच वाचायचं: तिच्याविना सुटा ‘सी’ म्हणजे ‘कॅन’ हा शब्द. जोडाक्षराचं तर उलटंच: ‘क्या’मध्ये हलन्त (४) ‘क’च्या आधी उमटवतात, नंतर उमटवला तर तो ‘य’ला लागतो.

मराठी घरात आधी भारती पक्की करावी, मग जोडखुणांशिवायची इंग्रजी. जोडखुणा सगळ्यांत शेवटी. ठिपके बोलून दाखवताना आधी भाषेचं नाव घ्यावं: ‘इंग्रजी, ३-५’.