एलईडी लाइट आणि डिजिटल मिक्सर : एक हंगाम वापरल्यावर, मुख्यतः फेड-आउटबद्दल

आमच्या हौशी मंडळाच्या नाट्यगृहात जुने हॅलोजन पार (रंगमंचावर झोत टाकणारे दिवे) उतरवून एलईडी पार लावले आणि आवाजाच्या ॲनालॉग मिक्सरच्या जागी डिजिटल आणला. अख्खा हंगाम त्यावर काढला. वॅट, बीमचा कोन वगैरे कंपनीच्या कागदावर असतंच, ते इथे लिहीत नाही. फेड-आउटवर, म्हणजे उजेड हळूहळू मालवण्यावर, मात्र सविस्तर लिहितो, कारण त्यावरून पुरवठादाराशी कित्येक महिने भांडण चाललं होतं.

तक्रार अशी. प्रवेश संपताना उजेड हळूहळू मालवायचा असतो. शंभरपासून दहा टक्क्यांपर्यंत सगळं सुरेख उतरतं. त्याच्या खाली मात्र प्रकाश धक्के खात उतरतो आणि एकदम अंधार होतो. नट शेवटचं वाक्य बोलून निश्चल उभा आहे, प्रेक्षागृह शांत आहे, आणि नेमका तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड ठेचकाळतो. अख्ख्या अंकाची मेहनत त्या दोन-तीन सेकंदांत वाया जाते. मला हे प्रत्येक प्रयोगात खुपत होतं.

कारण तसं साधं आहे. हॅलोजनची तार तापलेली असते, वीज कमी केली तरी निवायला वेळ घेते, त्यामुळे डिमरचे (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे) बारीक धक्के तिच्यातच जिरतात. वर मंद होताना ती तांबूसही होत जाते. एलईडीला निवायचं नसतंच. जी पातळी मिळेल ती तत्क्षणी दाखवतो. ८-बिट मोडमध्ये शून्य ते २५५ अशा २५६ पातळ्या असतात. २५५ वरून २५४ झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण सरळ कर्व्हवर, म्हणजे उजेड पातळीच्या प्रमाणातच बदलतो तेव्हा, २ वरून १ होताना उजेड थेट निम्मा होतो.

पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं : ‘एलईडी असेच असतात, सवय होईल.’ दर वेळी तेच. हंगामाच्या मध्यावर मी नोंद करून ठेवली होती की नाटकासाठी हे लाइट घेऊ नका, नाचगाण्यांना ठीक आहेत.

ते मत आता बदलतो आहे. एका दुसऱ्या तंत्रज्ञाने लाइटचा मेनू उघडून १६-बिट मोड लावला. त्यात लाइटमधल्या डिमरला एकाऐवजी दोन चॅनेल (बोर्डकडून हुकूम येण्याच्या वाटा) लागतात आणि पातळ्या ६५,५३६ होतात. सोबत डिमर कर्व्ह बदलला, डिमरचा प्रतिसाद संथ केला. लाइट चालवायच्या बोर्डवर सगळे लाइट नव्याने पॅच करावे लागले, म्हणजे चॅनेलला जोडावे लागले, पण डीएमएक्सच्या (लाइटला हुकूम पोचवणाऱ्या पद्धतीच्या) एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका जोडणीत, ५१२ चॅनेल असतात, आमच्यासारख्या मंडळाला ते भरपूर झाले. त्यानंतरचा पहिलाच फेड-आउट काळोखात विरघळला. म्हणजे इलाज लाइटमध्येच होता आणि विकणाऱ्याला तो सांगता येत नव्हता. याचा राग मला अजून आहे.

मात्र हा मोड प्रत्येक स्वस्त लाइटमध्ये नसतो, आणि असला तरी आतलं सर्किट तितकं बारीक चालेलच असं नाही. म्हणून विकत घेण्याआधी पूर्ण काळोख्या खोलीत वीस सेकंदांचा फेड करून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तो लाइट घेऊ नका. तांबूसपणा आपोआप येत नाही, तो क्यूमध्ये (प्रवेशासाठी साठवलेल्या प्रकाशरचनेत) अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी रंग, वाढवून आणावा लागतो. संध्याकाळच्या प्रवेशांसाठी आम्ही दोन हॅलोजन अजून ठेवले आहेत.

बचत खरी आहे. जुना पार ६४ साधारण १००० वॅटचा, त्याच्या जागी दोनशेच्या आतला एलईडी पुरतो. जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद) जळत नाही, भर प्रयोगात बल्ब उडत नाही, नटांना घामही कमी येतो. एलईडीची लाइन मात्र जुन्या, बाहेरच्या डिमरमधून घेऊ नका. त्यांना थेट वीजपुरवठा लागतो.

अनपेक्षित आनंद साउंडने दिला. वर्षानुवर्षे स्पीकरमध्ये एक गुणगुण होती. तिच्यावर केबल बदलून झाल्या, कनेक्टर नव्याने डाखून झाले. जुने डिमर जवळपास बंद झाले आणि ती गेली! ते थायरिस्टरचे (वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे) डिमर विजेची लाट मधेच कापतात, तो कचरा शेजारून जाणाऱ्या माइकच्या केबलमध्ये शिरत होता. नव्या मिक्सरचं श्रेय फक्त एवढंच की मागच्या रांगांच्या स्पीकरला डिले देता आला, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडता आला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे रंगमंचावरचा आवाज सतरा मीटरवर जवळजवळ ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढं जुळवल्यावर मागे संवाद स्वच्छ ऐकू यायला लागले. प्रवेशागणिक सीन, म्हणजे मिक्सरची मांडणी, साठवता येतात, तेही सोयीचं.

एकच त्रास उरला आहे, पंख्यांचा. समोरच्या बारवरच्या (लाइट टांगायच्या दांडीवरच्या) लाइटचे, त्यांना थंड ठेवणारे पंखे शांत प्रवेशात पहिल्या रांगांना ऐकू येतात. मेनूतल्या सायलेंट मोडने आवाज कमी होतो, पण उजेडही कमी होतो. त्यामुळे पुढच्या खरेदीत समोरच्या बारसाठी बिनपंख्याचेच लाइट घेणार, भले संख्येने कमी आले तरी चालतील.