कार्बन प्लेटचे रेसिंग शूज : पूर्ण मोसम पळल्यावर, आणि पुढच्या वर्षाचं टार्गेट

हाफ मॅरेथॉनचा माझा पीबी (आजवरची सर्वोत्तम वेळ) या वर्षी १:३१:४० वरून १:२९:१० वर आला. म्हणजे किलोमीटरमागे सात सेकंद. ग्रुपमधल्या मंडळींचं मत एकच, 'शूजची कमाल'. मला अर्थातच ती माझी कमाल वाटते. वर्षाचा हिशेब करून पुढचं टार्गेट ठरवायला बसले तेव्हा हा वाद मिटवणं भागच होतं. शूज जे सेकंद देतात ते एकदाच देतात. पुढच्या वर्षी नवी जोडी घातली तरी तीच सूट पुन्हा मिळणार नाही. त्यामुळे सातही सेकंद आपलेच धरून पुढचं गणित केलं, की मोसमाच्या मध्यावर तोंडघशी पडायची पाळी येते.

आधी वस्तूबद्दल. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातले सगळे शूज साधारण एकाच घाटाचे असतात : टाचेखाली चाळीस मिलिमीटरला टेकणारा फोम, मध्ये वाकवलेली कार्बनची प्लेट, वर जाळीसारखं पातळ कापड. याआधी मी जुन्या पद्धतीच्या पातळ तळाच्या रेसिंग फ्लॅट्समध्ये पळायचे. नवी जोडी वापरली ती फक्त रेसमध्ये आणि रेसच्या आधीच्या काही मॅरेथॉन-पेसच्या सरावात (पेस म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ).

पहिल्यांदा घालून उभं राहिलं की घोटा डगमगतो. चालताना तर आपण उगाच कुणाचे तरी बूट घातलेत असं वाटतं. वॉर्मअपच्या जॉगलाही काही मजा नाही. पेस ४:३० च्या आत गेला की मात्र तळ परत ढकलायला लागतो आणि पाऊल आपोआप पुढे पडतं. हे मनाचे खेळ नाहीत, पण जाहिरातीत दाखवतात तसं उडाल्यासारखंही काही होत नाही. मला जाणवलेला मोठा फरक दुसऱ्या दिवशीचा. हाफनंतर जिना उतरताना मांड्या पूर्वीसारख्या बोंबलत नाहीत, आणि त्यामुळे दोन दिवस आधी सरावाला लागता येतं. वर्षभरात हे दोन-दोन दिवस साठत जातात. खरं तर माझ्या मते शूजचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि तो निकालपत्रकात दिसत नाही.

नाव 'कार्बन प्लेट' असलं तरी बरीचशी करामत फोमची आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी पुढच्या भागातली प्लेट आडवी कापून टाकली आणि त्याच शूजमध्ये धावपटूंना पळवलं. ऊर्जेच्या खर्चात फारसा फरक पडला नाही. ऊर्जेच्या बचतीचा सगळीकडे सांगितला जातो तो ४ टक्क्यांचा आकडा त्याआधीच्या एका अभ्यासातला. त्यात अठरा धावपटू होते, अठराही पुरुष (हे कुणी फारसं सांगत नाही). सरासरी बचत ४ टक्के आली, तरी माणसागणिक ती साधारण दोनपासून सहापर्यंत बदलत होती. शिवाय ही बचत ऊर्जेची, वेळेची नव्हे. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, आणि ४ टक्के ऊर्जा वाचली तरी वेळ तेवढी कमी होत नाही. २०२३ मध्ये जागतिक दर्जाच्या केनियन धावपटूंवर झालेला अभ्यास तर आणखी गमतीचा. साध्या फ्लॅट्सच्या तुलनेत कुणाला ११ टक्क्यांहून जास्त फायदा, तर कुणाला तेवढाच तोटा! तेव्हा दुसऱ्याच्या पायाचा आकडा आपल्या पायाला लावण्यात अर्थ नाही.

म्हणून मी स्वतःपुरता एक साधा हिशेब ठेवला. ३ किलोमीटरचे तीन टप्पे, हृदयाचे ठोके १६५ च्या आसपास, रस्ता तोच, सकाळचा गारवा साधारण तोच, आणि पायात रोजच्या सरावाचे साधे शूज. झिजले की त्याच मॉडेलची नवी जोडी. छातीला पट्टा लावूनच, कारण मनगटावरचं घड्याळ अशा वेगाच्या सरावात ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. मोसमाच्या सुरुवातीला या सरावात पेस ४:२४ यायचा, शेवटी ४:२० आला. म्हणजे सातातले चार सेकंद माझे, उरलेले तीन शूजचे. हे प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, एखादा सेकंद इकडेतिकडे होईल. पण टार्गेट ठरवायला एवढं पुरतं.

मॅरेथॉनने मात्र माझं आणि शूजचं, दोघांचंही पितळ उघडं पाडलं. ३:१४:२०. हाफच्या वेळेवरून गणित केलं तर ३:०६ च्या आसपास यायला हवं होतं. ३२ किलोमीटरपर्यंत ४:३१ ने व्यवस्थित चालले होते, तिथून पुढे ४:५० च्याही पलीकडे. दमल्यावर मी टाचेवर आदळायला लागते, आणि या उंच, मऊ तळावर टाच पडली की घोटा आतल्या बाजूला कलंडतो. ताजी असताना जो तळ मदत करतो, तोच ३५ व्या किलोमीटरला सांभाळावा लागतो. फोमकडे ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) नसतं, आणि लांब रनच्या शेवटच्या भागात पेस धरण्याचा सराव तो आपल्या वतीने करत नाही.

आता तक्रारी. साधारण साडेतीनशे किलोमीटरनंतर फोमवर आतल्या बाजूने सुरकुत्या पडल्या आणि दाब दिल्यावरची उसळी कमी झाली. टाचेच्या बाहेरच्या कडेचं रबर तर त्याआधीच गेलं होतं, डाव्या पायाचा एक तुकडा कोपऱ्यातून सुटून लोंबायला लागला. कंपनीकडून 'हा वापराचा भाग आहे' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. तळाच्या मधल्या खाचेत खडे अडकतात आणि मग प्रत्येक पावलाला टक् टक्. ओल्या रस्त्यावर सरळ पळताना पकड चांगली आहे, पण यू-टर्नला वेग उतरवावाच लागतो. लेस गुळगुळीत आहेत, दुहेरी गाठ मारा.

दुखापतीबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगते. या शूजमध्ये पळणाऱ्यांत पायाच्या मधल्या भागातल्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाल्याच्या पाच केसेस २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आल्या. पाच केसेसवरून शूज दोषी ठरत नाहीत. पण ताण नाहीसा होत नाही, एका ठिकाणचा दुसरीकडे जातो, एवढं त्यातून कळतं. सगळा सराव यातच करणाऱ्यांना म्हणूनच माझा विरोध आहे. पोटरीचे आणि तळव्याचे व्यायाम मी कमी केले नाहीत, उलट वाढवले.

नियमही माहीत असू द्या. वर्ल्ड ॲथलेटिक्सने (या खेळाच्या जागतिक संघटनेने) २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाच्या जाडीला ४० मिलिमीटरची मर्यादा आणि एकच प्लेट असं ठरवलं. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये देरारा हुरिसा पहिला आला आणि तळ पाच सेंटिमीटरचा निघाल्याने बाद झाला. एका सेंटिमीटरने अख्खी शर्यत गेली. ट्रॅकवर तर १ नोव्हेंबर २०२४ पासून मर्यादा २० मिलिमीटर आहे, म्हणजे ही जोडी तिथे चालणारच नाही.

आणि विक्रमांचं म्हणाल, तर महिलांच्या मॅरेथॉनमधली पॉला रॅडक्लिफची २००३ ची २:१५:२५ ही विक्रमी वेळ सोळा वर्षं टिकली. २०१९ मध्ये ब्रिजिड कोसगेईने २:१४:०४ केली, २०२३ मध्ये बर्लिनला टिगिस्ट असेफाने २:११:५३, पायात अवघ्या १३८ ग्रॅमचे शूज. यात बाईचं किती आणि बुटाचं किती, हे कुणीच वेगळं काढू शकलेलं नाही. त्या पातळीवर काढायची गरजही नसेल, सगळ्यांच्याच पायात तेच असतं. माझ्यासारखीला मात्र स्वतःच्याच मागच्या वर्षाशी झुंजायचं असतं, आणि मागच्या वर्षी माझ्या पायात फ्लॅट्स होत्या.

तर पुढचं वर्ष. सात सेकंद धरले असते तर हाफचं टार्गेट १:२६:४० निघालं असतं. कागदावर फार छान दिसतं ते. मी चार धरलेत, म्हणून १:२८ च्या आत. साध्या शूजमधला तो तीन टप्प्यांचा सराव ४:१६ वर आला नाही, तर हेही टार्गेट मोसमाच्या मध्यावर सैल करणार. वर्षाची पहिली शर्यत मुद्दाम ट्रॅकवरची १०,००० मीटर निवडली आहे, तिथे या जोडीची मदतच नाही. फुल मॅरेथॉनसाठी ३:०९, म्हणजे ४:२९ चा पेस. ही सुधारणा शूजमधून नव्हे, लांब रनमधून काढायची आहे : शेवटचे आठ-दहा किलोमीटर मॅरेथॉन-पेसने, पायात साधे शूज आणि एनर्जी जेल रेसच्या दिवशी घेणार त्याच वेळापत्रकाने.

घ्यावेत का? स्पर्धेत पळत असाल आणि पेस पाचच्या आत असेल तर घ्या, फरक पडतो. त्याहून हळू पळणाऱ्यांसाठी एका अभ्यासातले आकडे बघा : ताशी १२ किलोमीटरला सरासरी बचत १.४ टक्के, ताशी १० ला ०.९ टक्के. पहिल्यांदा हाफ पळणाऱ्यांनी तर थांबावंच. मी पुन्हा घेणार आहे, पण एकच जोडी आणि फक्त रेससाठी. या वेळी अर्धा साइज मोठी, कारण ३० किलोमीटरनंतर पाय सुजतात आणि उजव्या अंगठ्याचं नख अजून काळंच आहे.