जुन्या लाकडाच्या वखारीतून घडलेली गिटार

स्वस्त लाकडातून अकूस्टिक गिटार करण्यासाठी मी पुण्याच्या टिंबर मार्केट परिसरातील जुन्या लाकडाच्या एका वखारीत तीन वेळा गेलो. पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी चौकटी आणि यंत्रांच्या खोक्यांच्या पाईनच्या फळ्या तेथे ढिगाने पडलेल्या असतात. मला सगळे लाकूड ९४० रुपयांत मिळाले.

ढीग उपसून एकेक फळी निरखू देतात, हा या वखारीचा मोठा गुण आहे. गिटारच्या आवाजाचा भार मुख्यतः वरच्या फळीवर, म्हणजे सतारवाल्यांच्या तबलीवर असतो; हे दाखवण्यासाठीच स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ व कडा पुठ्ठ्याच्या ठेवून फक्त तबली चांगल्या लाकडाची केली होती. अमेरिकी गिटार-निर्माते बॉब टेलर यांनीही १९९५ मध्ये टाकाऊ पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी फळकुटाच्या) ओकपासून गिटारची पाठ व कडा घडवल्या. म्हणून मी सर्वाधिक वेळ तबलीच्या फळ्यांवर घालवला: टोकाच्या कापावर वलये उभी हवीत, गाठ नको, आणि दोन बोटांत अलगद धरून ठोकल्यावर नाद क्षणभर घुमला पाहिजे. दहा सेंटिमीटर रुंदीच्या अशा दोनच फळ्या मिळाल्या; त्या जाडीत उभ्या चिरून चार पट्ट्या जोडल्या आणि रंध्याने तीन मिलिमीटरपर्यंत आणल्या. खोक्यावरचा शिक्का मात्र जरूर वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली असते, ते घेऊ नये.

तक्रारी दोन आहेत. ‘पूर्ण सुकलेले’ म्हणून दिलेल्या फळीचे वजन स्वयंपाकघरातील काट्यावर पाच आठवडे घटतच राहिले, आणि पोलादी तारांचा सुमारे ७० किलोचा ताण सोसायच्या वाद्यात ओले लाकूड चालत नाही, कारण सांधे उकलतात. दुसरे म्हणजे सागवानी चौकटीत राहिलेल्या एका खिळ्याने माझ्या रंध्याचे पाते खांडले. चौकट विकण्यापूर्वी वखारीने चुंबक फिरवायला हवा होता. सागात तेल असल्याने चिकटवण्याआधी सांध्याच्या कडा अॅसिटोनने पुसाव्या लागल्या, तो दोष अर्थातच वखारीचा नव्हे.

तारा चढवून आता दोन महिने झाले. वरच्या तारांचा नाद दीर्घ आणि स्वच्छ आहे, खर्ज थोडा कृश वाटतो. तबली कडेला आणखी थोडी घासून पाहणार आहे.